दुसरीतली लेक वर्गात कंटाळायलीय, काय करावं?

अहमदपूरची आई:
लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. तीसपर्यंत पाढे पाठ, हातच्याची वजाबाकी तोंडी. फळ्यावरची गणितं सगळ्यांच्या आधी उरकते, मग बाई तिला बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवतात. परवा मागची पानं भरून बेडकं काढून आणली. सासरे म्हणायलेत, एक वर्ग वर ढकला. जाऊबाई म्हणतात, आत्तापासूनच स्कॉलरशिपचा क्लास लावा. लातूर जवळ, क्लासला काय तोटा! पण एवढ्याशा लेकराला?

परभणीकर:
नका लावू. पुतण्या पहिलीपासून परीक्षा देतोय, मेडलं भिंतभर आहेत. पण समोर चार पर्याय नसले की पोरगं पेन्सिलच उचलत नाही.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
ताई, नवोदयची परीक्षा पाचवीत, शिष्यवृत्तीलाही अवकाश आहे. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी 1962 साली हुशार मुलांसाठीच निघाली, तिथली प्रशालासुद्धा पाचवीपासून. मग आपल्याला कसली घाई? वर्ग वर ढकलाल तर तिसरीचं पुस्तक दिवाळीपर्यंत संपवेल आणि पुन्हा बेडकं. तिला पुढचं नको, अवघड द्या. जिथं ती अडेल असं.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आकड्यांशी खेळायचे. त्यांच्याच वाटेचा हा खेळ. तीन आकडी संख्या घ्या, समजा 352. आकडे उतरते मांडा, 532. चढते, 235. वजा करा, 297. आता 297 चं तेच. पुढं 693, 594, 495. त्यापुढं 495 च येत राहतं, पण ते तिला सांगू नका, आणि तिला हवी ती संख्या निवडू द्या. फरक 99 आला तर 099 लिहायचं, एवढंच बजावा. चुकली तरी खोडरबर तुम्ही हातात घेऊ नका. चार आकडी नंतर, तिथं शेवटी असाच 6174 वाट बघतोय.

बाईंनाही भेटा. वह्या तपासणं एखाद्या दिवशी ठीक; रोज म्हणजे लेकरू फुकटचं राबतंय. त्या वेळात असं एक गणित द्या म्हणावं. चांगल्या बाई असतील तर ऐकतील.

अहमदपूरची आई:
गुरुजी, तिनं पहिल्याच झटक्यात 333 घेतलं! शून्य आलं, मग रुसली. आता ‘फसवे आकडे’ म्हणून यादी करायलीय. 111, 222 झाले, 121 वर अडलीय. जेवायला उठंना. चार आकडी कधी द्यायचं?

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
121 करूनच बघू द्या. फसवे नऊ आहेत, ते तिचे तिला सापडले की द्या.