मदत हवी आहे: ऑक्सफर्ड, गुप्त मंडळ, शाईची जादू आणि प्रेमकथा; मधला भाग उभा राहत नाही (लेखकांच्या चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शाईदौत

कादंबरी डार्क अॅकॅडेमिया रोमँटसी, म्हणजे जुन्या विद्यापीठातलं गूढ, जादू आणि प्रेम. स्थळ ऑक्सफर्ड, साल १८९०. नायिका पुण्याहून सॉमरव्हिल हॉल या मुलींच्या कॉलेजात शिकायला आलेली (पुढे वकील झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तिथे दाखल झाल्या, म्हणून हा काळ घेतला). नायक एका गुप्त मंडळाचा सभासद. मंडळाची जादू शाईची: लिहाल ते घडतं. दहाव्या प्रकरणापर्यंत गाडी नीट चालते, पुढे अडते.

१) लिहिलेलं सगळंच घडतं म्हटल्यावर कुणापुढे अडचणच उरत नाही.
२) मंडळात माणसं किती ठेवावीत? ती जमून करतात काय?
३) दोघं सध्या बॉडलीअन ग्रंथालयात मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात भेटतात. हे चालेल का?
४) प्रेमकथा जादूच्या शेजारी ठेवल्यासारखी वाटते, तिच्यात मिसळत नाही.

लांबी साधारण १,१०,००० शब्द ठरवली आहे. नेमके उपाय हवेत.

वाचनकक्ष

तिसऱ्यापासून सुरू करते. मेणबत्ती काढाच. बॉडलीअनच्या वाचकाला शपथ घ्यावी लागते आणि तिच्यात स्पष्ट आहे की ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही, पेटवणार नाही. त्या काळात जुन्या इमारतीत दिव्यांची सोयच नव्हती. हिवाळ्यात दुपार कलली की दारं बंद. पुस्तक घरी नेण्याचीही सोय नाही: १६४५ मध्ये खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने पुस्तक मागवलं, तेही दिलं गेलं नाही.

हा नियम तुमच्या फायद्याचा आहे. जादूच्या कथेत शपथ ही शोभेची वस्तू राहता कामा नये. नायिकेने पहिल्याच आठवड्यात शपथ मोठ्याने म्हणावी आणि वाचकाने ती विसरून जावी. पुढे ज्योत पेटवायची वेळ येईल तेव्हा तिला किंमत असेल.

भेटीबद्दल: त्या वर्षांत विद्यार्थिनीला पुरुषांच्या कॉलेजात एकटीने जाता येत नसे, सोबत वयस्क बाई लागायची. म्हणून एकांत फुकट देऊ नका. दिवसाउजेडी, ड्यूक हम्फ्रीच्या दालनात (बॉडलीअनचा जुना वाचनकक्ष), शेजारशेजारच्या मेजांवर, बोलायची मुभा नाही, सोबतीची बाई तीन हातांवर. एकच हस्तलिखित दोघांनी मागवलंय आणि ते एकाच वेळी एकालाच मिळतं. मध्यरात्रीच्या भेटीपेक्षा इथे ताण कितीतरी जास्त.

हस्तलिखितही खरं घ्या. सतराव्या शतकातला संग्राहक ईलायस अॅशमोल याचा संग्रह १८६० मध्ये बॉडलीअनमध्ये आला. त्यात किमया, ज्योतिष, सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्याच्या रुग्णनोंदी असं सगळं आहे. आणि अॅशमोलने १६४६ मध्ये वॉरिंग्टनला फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाची दीक्षा घेतली होती. जादू आणि गुप्त मंडळ एकाच माणसात सापडतात. मंडळाचा मूळ पुरुष शोधायला लांब जायला नको.

मायफळ

पहिला प्रश्न शाईच सोडवते. त्या काळची टिकाऊ शाई लोहाची. ढोबळ प्रमाण वजनाने ३:२:१. म्हणजे लिटरभर पाण्याला ९० ग्रॅम कुटलेलं मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), ६० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), ३० ग्रॅम बाभळीचा डिंक. मायफळ भिजवून काही दिवस ठेवतात, गाळतात, मग हिराकस घालतात, शेवटी डिंक. डिंक कमी पडला तर शाई टाकावरून धावते आणि तळाशी गाळ बसतो.

आता जादूचे नियम यातूनच काढा. ताजी शाई फिकट उतरते, हवा लागून काही तासांनी काळी पडते. म्हणजे लिहिलेलं घडतं ते अक्षर काळं झाल्यावरच. फिकट असेपर्यंत ओल्या बोळ्याने बरंचसं निघतं. काळं पडल्यावर चामड्याच्या पानावरून ते चाकूने खरवडावं लागतं आणि खूण राहतेच. माघार घ्यायला काही तासांची मुदत मिळाली. प्रकरणं या मुदतीवर तोला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हिराकस प्रमाणाबाहेर गेलं की शाई कागद खाते. आधी अक्षराभोवती तपकिरी कड येते, मग चीर, मग अख्खं अक्षर गळून पडतं आणि पानाला भोक राहतं. मंडळाच्या ज्या जुन्या सभासदांना जादू लवकर हवी होती त्यांनी हिराकस वाढवलं. दोनशे वर्षांनी त्यांच्या शपथांची वही कुरतडल्यासारखी झाली आहे. रोज एखादं नाव गळतंय, आणि नाव गळलं की त्या माणसाला बांधणारं वचनही गळतं. मंडळाला नायिका का हवी, याचं कारण इथे मिळेल: तिला शाईचं प्रमाण येतं.

एक अडसर: वही कागदाचीच ठेवा. चामड्यावर हा क्षय इतका भराभर दिसत नाही, जाणकार वाचक लगेच पकडेल.

सातवा सभासद

मंडळ: बारा पुरेत. वाचकाच्या लक्षात पाच राहतील, उरलेल्यांना खुर्ची आणि आवाज द्या. केंब्रिजच्या अपॉस्टल्सची (विद्यार्थ्यांचं गुप्त चर्चामंडळ, स्थापना १८२०) रचना अभ्यासा. शनिवारी रात्री एकाने निबंध वाचायचा, मग चर्चा, मग मत. खायला टोस्टवर सार्डिन, आणि त्याला म्हणायचं ‘व्हेल’. कागदपत्रं देवदाराच्या पेटीत, तिचं नाव ‘आर्क’. माजी सभासद म्हणजे ‘एंजल’. नव्या सभासदाला एक शापही वाचून दाखवतात, १८५१ च्या सुमारास होर्ट या धर्मशास्त्रज्ञाने लिहिलेला. झगे, कवट्या, रक्त यांपेक्षा हा सार्डिनचा घास खरा वाटतो, कारण जिथे क्षुल्लक गोष्टींनाही गुप्त नावं असतात तिथे बाहेरच्याला आत शिरणं अवघड.

नावं आणि विधी उचलू नका, घडण उचला. बैठकीत काम द्या: प्रत्येक शनिवारी वहीतलं एक गळकं नाव पुन्हा लिहायचं की जाऊ द्यायचं, यावर मतदान. प्रत्येक बैठकीला परिणाम मिळतो, आणि कोण कुणाच्या बाजूचा हेही भाषण न करता कळतं.

शाईदौत

वही कुरतडली जाते, हे मिळाल्यावर बरंच सुटलं. दोन शंका. जादूची ठरावीक वेळ हवी आहे, पण मध्यरात्र नको. आणि चौथा प्रश्न अजून तसाच आहे.

वाचनकक्ष

वेळ: रात्रीचे ९ वाजून ५ मिनिटं. क्राइस्ट चर्च कॉलेजची ‘ग्रेट टॉम’ घंटा तेव्हा १०१ ठोके देते. नेमकी हीच वेळ, कारण ऑक्सफर्डची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटं मागे आणि तिथे तेव्हा नऊ वाजतात. १८८० च्या कायद्याने देशभर ग्रिनिचची वेळ लागू झाली, घंटा मात्र जुन्या वेळेला धरून राहिली. ही पाच मिनिटं कुठल्याच घड्याळाची नाहीत, ती मंडळाला द्या.

मायफळ

चौथ्याचं उत्तर वहीतच आहे. नायकाचं नाव गळायला आलंय. ते पुन्हा लिहिलं तर तो मंडळाशी जन्मभर बांधला जाईल; न लिहिलं तर तो सुटेल, पण मंडळाने त्याच्यासाठी केलेलं सगळं सुटेल (धाकट्या भावाचं आजारपण वगैरे, तुमच्या कथेत बसेल ते). लेखणी नायिकेच्या हातात. आता प्रेमाचा प्रत्येक टप्पा जादूचा निर्णय होतो.

तिला हे बाराव्या-तेराव्या प्रकरणात कळू द्या आणि त्याला त्यानंतर. उलट केलंत तर तो तिला वापरतोय असं वाटेल आणि वाचक त्याला शेवटपर्यंत माफ करणार नाही. संवादात दोघं ‘तुम्ही’वरच राहू देत, ‘तू’ पहिल्यांदा तिच्या तोंडी, शाई फिकट असताना, पुसायला अजून वेळ असताना.