मदत हवी आहे: व्हर्जिनियातली जुनी इस्टेट, फक्त बाग आणि स्वयंपाकघर बघायचंय

सातारकरीण
आई साताऱ्याहून आली आहे. तिला ती जुनी इस्टेट दाखवायची आहे, भाज्यांची मोठी बाग असलेली. घराच्या खोल्या बघण्यात तिला रस नाही. नुसत्या बागेचं तिकीट मिळतं का? हातात एकच शनिवार आहे. आजच बुकिंग करायचंय, प्लीज लवकर सांगा.

भटक्या
कुठली इस्टेट? माउंट व्हर्नन की माँटिचेलो? महिना कोणता? निघणार कुठून?

डीसीकर
माउंट व्हर्ननलाच जा, डीसीहून जवळ पडतं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनची भाज्यांची बाग आहेच, शिवाय तीन मैलांवर पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे. आमच्या सासूबाई जात्याच्या आवाजापाशी अर्धा तास उभ्या होत्या.

परसबाग
भाजीसाठी माँटिचेलोच! तिथली राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनची बाग 1000 फूट लांब आहे, डोंगरउतारावर गुलामांनी खणून सपाट केलेली. त्याने तिथे भाज्यांचे 330 वाण लावून पाहिले. कधी पेरलं, कधी उगवलं, ताटात कधी आलं, सगळं वहीत लिहून ठेवायचा. मटार त्याचा लाडका. आणि ताई, वेलमांडवावर जांभळ्या शेंगा लोंबताना दिसल्या तर आईंना जरूर दाखवा. तिथे तो शोभेचा वेल म्हणून लावतात, पण आहे आपला वालच. जांभळी शेंग, आतल्या काळ्या बीवर पांढरी रेघ. मी बघून तिथेच थबकले.

मीठमसाला
वाल म्हणजे कडवे की गोडे? बिरड्यासाठी कडवेच हवेत. रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून घ्यायचे.

कायदेशीर
बिया भारतात न्यायच्या असतील तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पाकीट बॅगेत टाकून नेऊ नका.

सातारकरीण
बिया न्यायच्या नाहीत हो! माँटिचेलोच. ॲशबर्नहून निघू, सप्टेंबरअखेर. आईचे गुडघे दुखतात, हे लिहायचं राहिलं.

भटक्या
मग आधी तेच सांगायचं ना. खालच्या पर्यटक केंद्रापासून वर घरापर्यंत बस आहे. चालत चढू नका. गाडीने दोन तास धरा.

परसबाग
आम्ही बाग आणि परिसराचा वेगळा पास काढला होता, त्यात स्वयंपाकघरही बघता आलं. विटांचा उंच ओटा, त्यात कोळशाच्या शेगड्यांची भोकं. उभ्याने रांधायची सोय.

इतिहासवेडा
त्या शेगड्यांपाशी कोण राबलं, तेही आईंना सांगा. जेफरसनने जेम्स हेमिंग्ज या गुलामाला 1784 मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. सुटका 1796 मध्ये, तीही धाकट्या भावाला सगळं शिकवून तयार केल्यावर. बागेलगतच मलबेरी रो आहे, गुलामांच्या झोपड्यांची आणि कारखान्यांची वाट. ती बघितल्याशिवाय बाग बघून झाली असं मी मानत नाही.

डीसीकर
माउंट व्हर्ननचा हर्क्युलिसही गुलामच, नावाजलेला आचारी. 1797 मध्ये तो पळून गेला. ही गोष्ट दोन्हीकडे आहे.

सातारकरीण
पास काढला. आईला वाचून दाखवलं. वालाचं ऐकून ती विचारतेय, कोवळी शेंग दिसली तर तोडू देतात का?

परसबाग
नाही, तोडू नका. बियांची पाकिटं तिथल्या दुकानात मिळतात. तुमच्या ॲशबर्नच्या अंगणात लावा, थंडी सरल्यावर, मे महिन्यात.