चार मुलं, एक टेबल, ४० मिनिटं: सगळ्यांचे हात एकाच वेळी कामात कसे राहतील?

रिसोर्सरूम_इंदूर

प्राथमिक शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खोलीत) ६ ते ८ वर्षांच्या चौघांचा गट आहे. एक मुलगा स्वमग्न आहे; ओलं-चिकट हाताला लागलं की उठून जातो. एका मुलीला डाउन सिंड्रोम आहे. पकड सैल, उत्साह भरपूर. एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. डावी बाजू कमजोर, मूठ बहुतेक वेळ बंद. चौथीला बौद्धिक दिव्यांगता आहे. हाती येईल ते तोंडात जातं. मदतीला एक दीदी.

मोती ओवणं किंवा कागद चिकटवणं घेतलं की एकाचं काम दोन मिनिटांत संपतं, एकाचं सुरूच होत नाही आणि उरलेली दोघं माझ्या हातांकडे बघत बसतात. चौघांनाही हाताने करता येईल असं काय घ्यावं? पैसे जवळजवळ नाहीत. दोघांच्या घरी मराठी आणि शाळेत हिंदी आहे, तर सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या? पकडीसाठी कपड्यांचे चिमटे आणलेत, पण ते कुणालाच दाबले जात नाहीत.

ओटी_मालवा

ताई, काम चौघांना एकच द्या, अवजार मात्र प्रत्येकाचं वेगळं ठेवा. आणि आळीपाळी नको. चौघांच्या गटात आळीपाळी म्हणजे प्रत्येक मूल तीन-चतुर्थांश वेळ रिकामं, आणि रिकामा हात दुसऱ्याच्या ताटात जाणारच.

आधी बसणं बघा. पायांचे तळवे जमिनीला टेकलेले, कोपर टेबलाच्या उंचीला. पाय लोंबकळत असतील तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधून पायाखाली द्या. धड डगमगत असेल तर मूल हातांनी टेबल धरून बसतं, मग कामाला हात उरतच नाही. दीदींना समोर नाही, मुलांच्या मागे बसवा. समोरून केलेली मदत मुलाला उलटी दिसते.

सुरुवात कणीक मळण्यापासून करा. प्रत्येकाला वेगळं ताट, अर्धी वाटी गव्हाचं पीठ, चहाचे पाच चमचे पाणी आणि शेवटी एक चमचा तेल. पाणी एकेक चमचा मोजून, मध्ये ढवळून. सगळं एकदम ओतलं की चिखल होतो आणि तुमचा पहिला मुलगा तिथेच उठतो. तसं झालंच तर कोरडं पीठ चमच्याने भुरभुरवा. पावसाळ्यात पीठ सर्दावलेलं असतं, तेव्हा चार चमचे पुरतात.

आता अवजारं. स्वमग्न मुलाला पीठ-पाणी जाड झिप पिशवीत घालून द्या, हवा काढून बंद करा, म्हणजे बाहेरून दाबून मळता येईल. नंतरच्या दिवशी उघड्या ताटात चमचा, त्यानंतर तेल लावलेली बोटं. शेजारी ओला नॅपकिन त्याच्या हाताशी ठेवा. हात कधीही पुसता येईल ही खात्री असली की तो जास्त वेळ टिकतो.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या ताटाखाली ओलं, पिळलेलं फडकं घाला, ताट सरकत नाही. त्याचा डावा हात रिकामा लोंबू देऊ नका. तो ताटाच्या काठावर ठेवायचा आणि ताट धरणं हे त्या हाताचं काम. मूठ उघडायला बोटं ओढू नका, ओढलं की ती आणखी आवळते. मनगट हळूच खाली वाकवा म्हणजे बोटं सैल पडतात, मग अंगठा टोकाने नाही तर बुडापासून बाहेर घ्या.

डाउन सिंड्रोमच्या मुलीला आधी सैल गोळा द्या, जमला की घट्ट करत न्या.

चौथीसाठी बाजारात मिळतो तसला मीठ घातलेला मैद्याचा गोळा वर्गात आणूच नका. त्यात भरमसाट मीठ असतं आणि ते पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. कच्ची कणीकही खाण्याची वस्तू नाही, म्हणून तिला तुमच्या हाताच्या अंतरावर बसवा. गटात तोंडात घालणारं एक जरी मूल असेल तरी टेबलावर चणे, वाटाणे, मणी, लोहचुंबक, बटण सेल यांतलं काहीही नको. दोन लोहचुंबक गिळले गेले तर आतड्याच्या घड्या मध्ये पकडून छिद्र पाडतात. सुट्या वस्तू ४ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या ठेवा.

पालकांना गव्हाच्या ॲलर्जीबद्दल आधी विचारून घ्या. तसं असेल तर ज्वारीचं पीठ, पण ते गरम पाण्यातच नीट बांधलं जातं, म्हणून गोळा घरून करून आणा.

दहीपोहे_विशेषशिक्षिका

कणकेवर हात बसले की खाण्याच्या कामाकडे या. इंदूरच्या मुलांना पोहे ओळखीचे आहेत आणि दहीपोह्यांना गॅस लागत नाही.

प्रत्येकाला अर्धी वाटी जाडे पोहे, चहाची मोठी गाळणी, दोन मोठे चमचे दही, चिमूटभर मीठ, चिमूटभर जिरावण (पोह्यांवर भुरभुरवायचा इंदुरी मसाला). गाळणी पाण्यात बुडवून तीन मोजायचे, उचलायची आणि वाडग्याच्या काठावर १० मिनिटं निथळत ठेवायची. गाळणी पाण्यात बसून राहिली तर लगदा होतो. भिजवणं कमी पडलं तर मधला दाणा कडक राहतो, आणि चावायला अशक्त असलेल्या मुलांना तोच ठसकतो. दोन बोटांत दाबून दाणा सहज मोडला तरच दही घाला. शेव आणि शेंगदाणे या गटाला देऊ नका. दुधाची ॲलर्जी विचारून घ्या.

जिरावण हा खरा व्यायाम. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट म्हणजे पुढे पेन्सिल धरायची पकडच. डबी उथळ आणि रुंद तोंडाची हवी, नाहीतर मुलं मूठभर उचलतात.

ती १० मिनिटं मोकळी सोडू नका. फडक्याने टेबल डावीकडून उजवीकडे पुसणं तेव्हाच घ्या.

चित्रकार्डं पाचच: बुडव, निथळव, दही घाल, चिमूट, ढवळ. फोटो त्याच वाडग्याचे, त्याच गाळणीचे काढा. इंटरनेटवरचं चकचकीत चित्र आणि समोरची स्टीलची वाटी एकच आहे, हे अनेक मुलांना कळत नाही. ज्याचं काम सुरूच होत नाही त्याला शेवटच्या पायरीपासून शिकवा: पहिल्या चार तुम्ही त्याच्याबरोबर करा, ढवळणं तो एकटा करेल. काम आपल्या हातून पूर्ण झालं, हे त्याला रोज मिळालं पाहिजे.

दोन_भाषा

भाषेबद्दल. दोन भाषांमुळे दिव्यांग मूल गोंधळतं हा समज चुकीचा आहे. घरची मराठी बंद करायला कृपा करून कुणालाही सांगू नका. कार्ड एकच ठेवा, मागे दोन्ही शब्द लिहा. एका वेळी एकच शब्द, कार्ड दाखवून: "डाल", किंवा घरी "घाल". मग मनात पाच मोजा आणि गप्प राहा. "बेटा अब इसमें दही डालना है ना, चलो डालो" यात कामाचा शब्द हरवतो.

तोंडी सूचना देणं सोपं, पण तिची सवय सोडवणं सगळ्यात कठीण; मूल आवाजाची वाट बघत थांबायला शिकतं. आधी कार्डाकडे बोट दाखवा. नोंद एफएसीपीच्या (विशेष मुलांची कौशल्यं तपासायच्या यादीच्या) खुणांनीच करा: स्वतः केलं तर +, अधूनमधून इशारा लागला तर ओसी, तोंडी मदत व्हीपी, हात धरून मदत पीपी. प्रत्येक पायरीला एक खूण, रोज. त्यातच आयईपीचं, म्हणजे त्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याचं, पुढचं उद्दिष्ट सापडतं.

रिसोर्सरूम_इंदूर

मनापासून आभार. सोमवारी कणीक घेते. चिमटे मग बाजूलाच ठेवू का? आणि आठवड्याचा तिसरा दिवस अजून रिकामा आहे.

ओटी_मालवा

ठेवा, फेकू नका. नव्या चिमट्याची स्प्रिंग या हातांना फार कडक असते. आधी संपूर्ण हात: स्पंज पाण्यात बुडवून दुसऱ्या वाडग्यात पिळायचा. मग मऊ बाटली दाबून पाणी उडवणं, मग बर्फाचा चिमटा, आणि शेवटी जुने, सैल झालेले कपड्यांचे चिमटे. एका पायरीवर १० पैकी ८ वेळा जमलं की पुढची.

तिसऱ्या दिवशी ओला-सुका कचरा घ्या. इंदुरात घंटागाडी रोज दारात येते, त्यामुळे शिकलेलं त्याच संध्याकाळी घरी वापरता येतं. हिरवी बादली ओल्याची, निळी सुक्याची. सुरुवातीला दोनच वस्तू: केळ्याचं ताजं साल आणि चुरगळलेला कागद, प्रत्येकाला सहा-सहा नग. केळं त्यांनाच सोलायला द्या आणि कागद त्यांनाच चुरगळायला. अर्धा व्यायाम तिथेच होतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची बादली मधोमध, किंचित डावीकडे ठेवा, म्हणजे उजवा हात शरीराची मध्यरेषा ओलांडेल. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, तोंड-नाक झाकलं जाण्याचा धोका असतो; त्याऐवजी बाटल्या ठेवा, झाकणं काढून. दोन वस्तू बिनचूक झाल्या की तिसरी आणा. एकदम पाच प्रकार मांडले तर मुलं वस्तूकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघून बादली निवडतात.