'सॉनिक द कॉमिक'च्या जुन्या अंकांतील सॉनिक खेळातल्या सॉनिकपेक्षा इतका वेगळा का?

दूरदेशी:
नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला राहतो. येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात 'सॉनिक द कॉमिक' या ब्रिटिश पाक्षिकाचे १९९४ सालातील काही अंक मिळाले, ते मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतले. सॉनिक म्हणजे सेगा कंपनीच्या व्हिडिओ गेममधला सुसाट धावणारा निळा प्राणी; त्याचे नवे खेळ आणि चित्रपट मुलाला तोंडपाठ आहेत. अंक वाचून झाल्यावर मात्र त्याने "यात सगळं चुकीचं आहे" असा निकाल दिला, आणि त्याच्या हरकती ऐकल्यावर मलाही उत्तर सुचेना.

खेळात सात रत्ने गोळा केली की सॉनिक सोनेरी रंगाचा 'सुपर सॉनिक' होतो आणि ती त्याच्या पराक्रमाची परमावधी मानली जाते. या अंकांत मात्र सुपर सॉनिक हा मित्र-शत्रू न पाहणारा क्रूर प्राणी आहे. खलनायक डॉक्टर रोबोटनिक हा मुळात दयाळू शास्त्रज्ञ होता, असे येथे सांगितले आहे. शिवाय त्याने संपूर्ण ग्रह आधीच जिंकलेला असून सॉनिक आणि त्याचे साथीदार भूमिगत बंडखोरांसारखे वावरतात. चौथी हरकत अशी की अंकाची बरीच पाने सॉनिकची नाहीतच, त्यांत 'स्ट्रीट्स ऑफ रेज'सारख्या दुसऱ्याच खेळांच्या कथा आहेत. हे प्रकाशन अधिकृत होते का, आणि लेखकांना मूळ खेळाची पुरेशी माहिती नव्हती असे समजायचे का?

जुना गडी:
प्रकाशन पूर्णपणे अधिकृत होते. सेगाच्या परवान्याने लंडनच्या फ्लीटवे एडिशन्सने ते काढले. पहिला अंक २९ मे १९९३ चा, किंमत ९५ पेन्स. लेखकांना खेळ ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. अडचण अशी होती की खेळाकडेच कथा फारशी नव्हती. १९९१ चा पहिला 'सॉनिक' खेळून पाहिला तर दुष्ट शास्त्रज्ञ प्राण्यांना यंत्रांत कोंडतो आणि सॉनिक ती यंत्रे फोडून त्यांना सोडवतो, याहून अधिक काही हाती लागत नाही. त्यावर दर पंधरा दिवसांनी नवी कथा कशी उभी करायची?

पात्रांचा पूर्वेतिहास त्या काळी जपानमध्ये एक आणि पाश्चात्त्य देशांत दुसरा असा वेगवेगळा सांगितला जात होता. सेगाच्या अमेरिकी शाखेने आपल्या बाजारपेठेसाठी स्वतंत्र पूर्वकथा रचून घेतली होती. तीत ओव्ही किंटोबोर नावाचा सज्जन शास्त्रज्ञ आहे. ग्रहावरील दुष्ट शक्ती रत्नांमध्ये बंदिस्त करण्याचा प्रयोग तो करत असतो आणि त्यासाठी लागणारे सातवे, राखाडी रत्न त्याला सापडत नसते. सॉनिक तेव्हा साधा तपकिरी रंगाचा असतो; किंटोबोरने बनवलेले बूट घालून त्याच्या प्रयोगशाळेत धावताना तो ध्वनीचा वेग ओलांडतो आणि निळा होतो. पुढे एका अपघातात ती दुष्ट शक्ती, किंटोबोर आणि हातातले एक नासके अंडे यांचे मिश्रण होऊन रोबोटनिक जन्माला येतो. ही कथा ब्रिटिश लेखकांनी रचलेली नव्हती, त्यांनी ती पाया म्हणून घेतली. तेव्हा आपल्या चिरंजीवांना एवढे सांगावे की १९९४ साली इंग्लंडमधल्या मुलांसाठी हाच खरा इतिहास होता. १९९८ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९९ मध्ये पश्चिमेत 'सॉनिक ॲडव्हेंचर' हा खेळ आला, दोन्हीकडचे धागे एक करण्याचे धोरण ठरले, आणि त्यानंतर किंटोबोर हळूहळू विस्मृतीत गेला.

सुपर सॉनिकचा बदल मात्र लेखकांच्या कसबाचा भाग आहे आणि माझ्या मते तो फार विचारपूर्वक केलेला आहे. खेळात सुपर सॉनिक अजिंक्य असला तरी त्याला मर्यादा आहे: रूप बदलायला खेळात गोळा केलेल्या पन्नास सोनेरी कड्या लागतात आणि नंतर दर सेकंदाला एक कडी खर्च होत जाते. खेळणाऱ्याची नजर सतत त्या आकड्यावर असते, रंगत तिथेच असते. कागदावर असा उतरता आकडा दाखवून काही साधत नाही. अजिंक्य नायक एकदा कथेत आला की शत्रूला काही काम उरत नाही, आणि पाच-सात पानांचे प्रकरण दुसऱ्याच पानावर संपते. म्हणून लेखकांनी मर्यादा दुसरीकडे ठेवली, सॉनिकच्या मनावरच्या ताब्यात. प्रचंड ताकद येते, पण विवेक सुटतो. त्यामुळे ते रूप वापरावे की टाळावे हाच कथेचा ताण होतो. खेळाचा नियम चित्रकथेच्या भाषेत आणायचा झाला तर असाच आणावा लागतो. पुढे तर सुपर सॉनिक हे सॉनिकपासून वेगळे झालेले स्वतंत्र पात्र बनते.

पानामागचे पान:
चौथ्या हरकतीचे उत्तर ब्रिटिश परंपरेत आहे. तेथील मुलांची साप्ताहिके आणि पाक्षिके ही अनेक छोट्या मालिकांची मिळून होत असत. एकाच नायकाचा संपूर्ण अंक ही अमेरिकी पद्धत. अमेरिकेत आर्ची कंपनीने १९९३ मध्येच सॉनिकचे कॉमिक सुरू केले आणि ते २०१६ पर्यंत, २९० व्या अंकापर्यंत चालवले; त्यात तुम्हाला अशी सरमिसळ आढळणार नाही. फ्लीटवेचे प्रसिद्ध साप्ताहिक '२००० एडी' होते, आणि 'सॉनिक द कॉमिक'चे पहिले संपादक रिचर्ड बर्टन तिथूनच आलेले. त्या साप्ताहिकात 'थार्ग' नावाचा परग्रहवासी संपादक असल्याची बतावणी केली जाई. येथे ती जागा 'मेगाड्रॉइड' या यंत्रमानवाने घेतली, जो वाचकांना 'बूमर्स' म्हणतो आणि कचेरीतल्या माणसांना मुळीच किंमत देत नाही. मुलाला तो पत्रांचा विभाग, 'स्पीडलाइन्स', जरूर वाचायला द्या.

या छोट्या मालिकांत 'शिनोबी', 'गोल्डन ॲक्स', 'एको द डॉल्फिन', 'डिकॅप अटॅक' अशा सेगाच्या खेळांना जागा मिळाली. 'डिकॅप अटॅक' नायजेल किचिंग यांनी इतके तऱ्हेवाईकपणे हाताळले की मूळ खेळ विसरला गेला तरी ती मालिका वाचकांच्या लक्षात राहिली. 'स्ट्रीट्स ऑफ रेज' मात्र नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यापूर्वी आपण चाळून पाहावे. भ्रष्ट पोलीस खात्यातून बाहेर पडलेले नायक आणि गुंडांच्या टोळ्या असा तो मामला आहे. सुरुवातीची काही कथानके पुढे प्रौढांच्या कॉमिक्ससाठी नावारूपाला आलेल्या मार्क मिलर यांनी लिहिली होती आणि त्यांचा सूर सॉनिकच्या पानांपेक्षा बराच करडा आहे.

एक गोष्ट जुना गडी यांनी सोडून दिली, ती नोंदवतो. अधिकृत असणे म्हणजे जाहिरात असणेही होय. ज्या कंपनीच्या परवान्यावर नियतकालिक चालते तिच्याच खेळांची परीक्षणे त्याच नियतकालिकात छापली जात होती. कथा उत्तम आहेत म्हणून 'रिव्ह्यू झोन'ची पानेही तितक्याच विश्वासाने वाचावीत असे नाही.

सदाशिव पेठी:
थोडेसे अवांतर. पुण्या-मुंबईत वाढलेल्या आमच्या पिढीला ही चर्चा नवीच आहे. सेगाचे मेगा ड्राइव्ह हे व्हिडिओ गेमचे यंत्र भारतात शॉ वॉलेसमार्फत १९९५ मध्ये अधिकृतपणे आले आणि त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळात एवढा पैसा खेळण्यावर कोण घालणार? आमच्याकडे स्वस्तातल्या नकली यंत्रावर मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेट चालत, सॉनिक पुष्कळ पुढे भेटला. त्यामुळे किंटोबोरचा इतिहास रद्द झाल्याचे दुःख आम्हाला होण्याचे कारण नाही.

दूरदेशी:
सर्वांचे आभार. कड्यांचा मुद्दा मुलाला लगेच पटला. आता त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: रोबोटनिकची सत्ता शेवटी जाते का, आणि पुढचे अंक शोधायचे तर कोणते?

जुना गडी:
सत्ता जाते, पण मुलाला बरीच वाट पाहावी लागेल. रोबोटनिकने ग्रह जिंकल्याचे कथानक २१ व्या अंकापासून, म्हणजे १९९४ च्या वसंतात सुरू होते आणि त्याचा पाडाव १०० व्या अंकात होतो. मधल्या अंकांची बहुतेक मुख्य कथा किचिंग यांची आणि चित्रे रिचर्ड एल्सन यांची आहेत. सुटे अंक घ्यायचे असतील तर याच टप्प्यातले घ्यावेत. लू स्ट्रिंगर यांच्या कथा एकेका अंकात संपणाऱ्या आणि विनोदी असल्याने सलग अंक नसले तरी वाचता येतात. सॉनिकचा कोल्हा मित्र टेल्स याच्या स्वतंत्र कथाही मुलाला आवडतील: त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत स्वतःची इतकी फुशारकी मारलेली असते की त्याच्या प्रदेशातले लोक त्याला महान योद्धा समजून संकटनिवारणासाठी बोलावतात.

नव्वदीच्या उत्तरार्धात खर्चात काटछाट होऊन जुन्या कथांचे पुनर्मुद्रण वाढत गेले. नवी कथा १८४ व्या अंकात थांबली. त्यानंतर जानेवारी २००२ मधील २२३ व्या अंकापर्यंत सर्व साहित्य जुनेच आहे, तेव्हा १८५ पासूनचे अंक मुद्दाम शोधण्यात अर्थ नाही. १७५ ते १८४ या अंकांत 'सॉनिक ॲडव्हेंचर'चे रूपांतर आहे. त्यात सॉनिकचा जुना साथीदार जॉनी लाइटफूट मारला जातो आणि पुढे परतही येत नाही, हे आधी सांगून ठेवलेले बरे. त्यानंतरची कथा चाहत्यांनी २२४ व्या क्रमांकापासून इंटरनेटवर स्वतः चालू ठेवली. ती अधिकृत नाही, पण मुलगा तिथवर पोहोचला तर त्याला वाचायला भरपूर आहे.