परफ्युमच्या फॅमिली कशा समजून घ्यायच्या? नवशिकी आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परफ्युमची आवड आहे पण आत्तापर्यंत सगळं "हा छान आहे, हा नको" एवढ्यावरच चाललं होतं. आता मात्र मनापासून वाटतंय की एखादा वास का आवडतो ते कळलं पाहिजे, निदान शब्दांत सांगता तरी आलं पाहिजे, म्हणून सुगंधांच्या फॅमिली शिकायला घेतल्यात आणि जितकं वाचतेय तितका गुंता वाढत चाललाय. इथे बरेच जाणकार आहेत म्हणून सविस्तर विचारते, पोस्ट लांबलीये, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवातीला परफ्युमचे जाणकार मायकल एडवर्ड्स यांचं सुगंधांचं गोल चक्र बघितलं. फ्लोरल, अंबर, वुडी आणि फ्रेश असे चार मोठे गट, त्यांच्या पोटात उपगट, आणि शेजारशेजारचे गट एकमेकांत मिसळत जाणारे. (जुन्या लेखांत ओरिएंटल म्हणून जे लिहिलेलं असतं तेच आताचं अंबर, २०२१ मधे त्यांनी नाव बदललं, माझ्यासारखं कोणी नव्याने वाचत असेल तर लक्षात असू द्या.) बघून बरं वाटलं, म्हटलं चला, एवढं नीट बसलं डोक्यात की झालं. मग फ्रेंच परफ्युमर्सच्या सोसायटीचं वर्गीकरण सापडलं, तिथे सात गट. सिट्रस, फ्लोरल, फुजेर, शिप्र, वुडी, अंबर आणि लेदर. म्हणजे फ्रेश नावाचा गटच नाही आणि लेदरला मात्र स्वतंत्र जागा, जे एडवर्ड्सच्या चक्रात वुडीच्या आत ड्राय वुड्समधे बसतं. शिप्र तर तिकडे मॉसी वुड्स म्हणून येतो. यातलं कुठलं धरून चालायचं?

पण हा प्रश्न तरी नावांचा आहे, खरी अडचण नाकाची आहे. गुलाब, मोगरा, निशिगंध असलं की फ्लोरल, चंदन, देवदार, वाळा असलं की वुडी, लिंबू-संत्रं असलं की सिट्रस, इथपर्यंत काही त्रास नाही कारण ते वास माहितीचे आहेत. फुजेर आणि शिप्रला मात्र काय शोधायचं तेच कळत नाही. मोगऱ्याचा वास असतो तसा शिप्रचा वास कुठे असतो? अंबरचंही तेच, मी आधी समजून चालले की ही एखादी राळ असेल, मग कोणी लिहिलंय की देवमाशापासून मिळणारं अंबरग्रीस वेगळं, दागिन्यातला पिवळा खडा वेगळा आणि परफ्युममधलं अंबर तिसरंच काहीतरी. मग ते आहे काय नक्की?

दुसरं म्हणजे एकच परफ्युम एका ठिकाणी फ्लोरल म्हणून असतो आणि दुसरीकडे शिप्र. नोट्सची, म्हणजे आतल्या सुट्या वासांची, यादी तीच. मग ठरवतं कोण आणि कशावरून?

आणि तिसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या आवडीचा. मला बऱ्याचदा असं होतं की स्प्रे केल्या केल्या लिंबासारखा लख्ख वास येतो, जाम आवडतो, आणि तासा दोन तासांनी तोच वास गोड, पावडरी, जड होऊन बसतो आणि नकोसा होतो. अशा परफ्युमला फ्रेश म्हणायचं की आणखी काही? मला सिट्रस आवडतात असं मी म्हणू शकते का यावरून? कृपया कोणी क्रमाने सांगेल का की आधी काय हुंगायचं, मग काय, नाकाला सवय कशी लावायची. नुसत्या परफ्युमच्या शिफारशी नकोत, समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १

छान प्रश्न आहेत आणि तुमची अडचण अगदी बरोबर जागी आहे. फॅमिलीची नावं दोन प्रकारची आहेत हे कोणी आधी सांगत नाही म्हणून हा गोंधळ होतो. फ्लोरल, सिट्रस, वुडी, लेदर ही नावं वासावरून आली, तो वास नाकाला थेट सापडतो. फुजेर आणि शिप्र ही नावं मात्र एकेका परफ्युमवरून आलीत, त्यामुळे तिथे एक वास शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. तिथे रचना शोधायची असते.

१८८२ मधे उबिगाँ या कंपनीसाठी पॉल पार्के यांनी फुजेर रॉयाल केला. वर लॅव्हेंडर, खाली ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं, दगडफुलाच्या जातीचं) आणि त्यांना जोडणारं कूमरीन, ज्याचा वास वाळलेल्या गवतासारखा, थोडा बदामाकडे झुकणारा असतो. कूमरीन विल्यम पर्किन यांनी १८६८ मधे प्रयोगशाळेत तयार केलं होतं, त्यामुळे ते परफ्युमरच्या हाताशी आलं होतं. ही तीन द्रव्यं एकत्र बसली की जे होतं ते फुजेर, मग त्यात पुढे कोणी जिरॅनियम घालो की मसाले घालो. पुरुषांसाठी म्हणून विकले जाणारे कितीतरी परफ्युम आणि शेव्हिंगच्या साबणांचा तो ओळखीचा स्वच्छ वास याच रचनेचा आहे, त्यामुळे तुमच्या नाकाला फुजेर बहुतेक आधीच माहितीये, फक्त नाव जोडायचं राहिलंय.

शिप्रचं तसंच. १९१७ मधे फ्रान्स्वा कोती यांनी शिप्र नावाचा परफ्युम आणला आणि त्याची रचना इतकी पुढे गेली की फॅमिलीच उभी राहिली. वर बर्गमॉटचा (हे एक लिंबूवर्गीय फळ) आंबट उजेड, खाली लॅबडॅनमची गोडसर राळ आणि ओकमॉसची ओली, मातकट, किंचित कडू सावली. मजा आहे ती या वर-खालीच्या ताणात. वर उजेड आणि खाली सावली असं दोन्ही एकाच वेळी जाणवलं आणि गोडवा फार पुढे आला नाही की शिप्रचा संशय घ्यायचा. १९१९ चा गेर्लँचा मित्सुको हा त्याच रचनेवर पीचचा वास चढवून केलेला, मिळाला तर जरूर हुंगा, माझ्या मते शिप्र समजायला याच्याइतका चांगला गुरू नाही.

एक परफ्युम दोन फॅमिलीत का जातो तेही यातच आहे. भूप आणि देशकारमधे स्वर तेच पाच, सा रे ग प ध, पण भूप गंधारावर येऊन बसतो आणि देशकार धैवतावर, म्हणून राग वेगळा. तसं गुलाब, बर्गमॉट, पचौली (एका झाडाच्या पानांचा मातकट वास), मॉस हीच यादी असली तरी गुलाब पुढे ठेवला तर लोक फ्लोरल म्हणतील आणि मॉसवर तोल गेला तर शिप्र. यादी छापणारा ठरवत नाही, तोल ठरवतो, आणि तो तोल सांगताना दोन माणसांत फरक पडतोच. त्यात पुन्हा एक अडचण अशी की ओकमॉसमधल्या ॲट्रानोल आणि क्लोरोॲट्रानोल या घटकांनी काहींना त्वचेची ॲलर्जी होते म्हणून युरोपात त्यांच्यावर बंदी आली आणि ओकमॉसचा वापर खूपच आवळला गेला. आताच्या बऱ्याच शिप्रमधे ती जागा स्वच्छ केलेली पचौली घेते. म्हणून जुना शिप्र आणि नवा शिप्र शेजारी ठेवले तर नात्यातले आहेत हे पटायला वेळ लागतो, तुमच्या नाकाचा दोष नाही तो.

अंबर म्हणजे लॅबडॅनम, लोबान आणि व्हॅनिला यांचं मिश्रण, कमीजास्त प्रमाणात. उबदार, गोड, राळेसारखं, थोडं पावडरी. तो कुठल्या एका वस्तूचा वास नाही, परफ्युमरने बांधलेला आहे. अंबरग्रीस खारट, समुद्री, कातड्यासारखं असतं, त्याचा आणि याचा संबंध फक्त नावापुरता.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि याचं उत्तर तुम्हाला कदाचित सगळ्यात उपयोगी पडेल. लिंबू-संत्र्यातले रेणू हलके असतात, पटकन उडून जातात. व्हॅनिला, राळा, लाकूड, मस्क (कस्तुरीसारखे वास) हे जड, ते तासन् तास राहतात. जुन्या अंबर परफ्युमची सुरुवातच भरपूर बर्गमॉटने होते, १९२५ चा शालिमार बघा, पहिली काही मिनिटं एकदम लख्ख सिट्रस आणि मग व्हॅनिला सावकाश वर येते. तुम्ही वर्णन केलंय ते जवळजवळ असंच आहे. म्हणजे तुम्हाला सिट्रस आवडतो हे खरं असेल, पण नकोसा होतोय तो अंबरचा तळ. दिवसभर तुमच्यासोबत राहतो तो तळच, त्यामुळे फॅमिली ठरवताना पहिल्या पाच मिनिटांना फार मान देऊ नका. लिंबाची सुरुवात असलेला पण वाळा किंवा देवदारावर उतरणारा एखादा शोधा आणि मग ठरवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. सवय कशी लावायची तेवढं मी सांगतो.

आधी परफ्युम बाजूला ठेवा आणि सुटे वास हुंगा. लॅव्हेंडर, बर्गमॉट, पचौली, वाळा, चंदन, देवदार आणि मिळालं तर लॅबडॅनम, एवढी तेलं कागदाच्या पट्ट्यांवर थेंब थेंब घेऊन. त्वचेवर लावू नका हं, कच्ची तेलं तीव्र असतात आणि बर्गमॉट लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. पट्टीवर नाव आणि वेळ लिहा, लगेच हुंगा, अर्ध्या तासाने हुंगा आणि तीन-चार तासांनी पुन्हा. बर्गमॉटची पट्टी कोरी पडलेली असेल आणि पचौली अजून बोलत असेल, ते स्वतःच्या नाकाने बघितलं की टॉप आणि बेस नोट्स वेगळं शिकावं लागत नाही. मग दोन पट्ट्या एकत्र धरा, लॅव्हेंडर आणि पचौली, बर्गमॉट आणि लॅबडॅनम. फॅमिली तिथे कळायला लागतात.

एका बैठकीत तीन-चारच्या पुढे जाऊ नका, नाक थकतं. मधे कॉफीच्या बिया हुंगायला सांगतात पण त्यापेक्षा मोकळी हवा किंवा परफ्युम न लावलेला स्वतःचा हात बरा, कॉफी हा पण एक तीव्र वासच की. लिहिताना "छान" लिहू नका. कोरडा की ओला, गार की उबदार, गोड की कडू, एवढं लिहा आणि कुठल्या वेळेला तसं वाटलं तेही.

आणखी दोन गोष्टी. नोट्सच्या यादीला रेसिपी समजू नका. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलातून वापरण्याजोगं तेल निघतच नाही, तो वास सगळीकडे इतर द्रव्यांतून उभा केलेला असतो, तरी यादीत फुलाचं नाव असतंच. आणि एखादा परफ्युम दुसऱ्यांना दणदणीत येतोय पण तुम्हाला काहीच येत नाहीये असं झालं तर घाबरू नका, काही मस्क बऱ्याच लोकांना अजिबात येत नाहीत, रेणू मोठे असतात आणि प्रत्येकाची नाकं वेगळी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार! भूप-देशकारवरून एकदम लख्ख कळलं, आणि अंबरचा तळ हे वाचल्यावर मला नको वाटलेले सगळे परफ्युम डोळ्यासमोर आले, त्या सगळ्यांत व्हॅनिला होतीच. म्हणजे मला गोड आवडत नाही असं नाही, शेवटी उरलेलं गोड आवडत नाही.

एकच राहिलं. समुद्राच्या पाण्यासारखे जे वास असतात ते आणि ते कॅरॅमल-चॉकलेटवाले, हे जुन्या सात गटांत कुठे बसवायचे? तेव्हा हे वास नव्हतेच का?

प्रतिसाद १

बरोबर ओळखलंत, तेव्हा हे वास परफ्युममधे फारसे रुळलेले नव्हते. पाण्याचा, कलिंगडाचा तो वास मुख्यतः कॅलोनचा, फायझर कंपनीत १९६६ मधे सापडलेला रेणू, आणि परफ्युममधे त्याचा सुकाळ झाला १९९० च्या दशकात. एडवर्ड्सच्या चक्रात तो फ्रेशच्या आत वॉटर म्हणून आहे. पण इथेही रचना बघायची सवय सोडू नका. १९८८ चा कूल वॉटर नावाने आणि वासाने गार आहे, आतून मात्र लॅव्हेंडर आणि मॉसवाला फुजेरच आहे.

कॅरॅमलवाल्यांना गूर्मां म्हणतात. १९९२ चा थिएरी म्यूग्लरचा एंजल हा त्यातला पहिला गाजलेला, एथिल माल्टोलचा जळक्या साखरेसारखा वास आणि त्याखाली भरभक्कम पचौली. बरेच जण त्याला अंबरच्या अंगानेच धरतात. तुमची आवड बघता व्हॅनिलाचे गूर्मां तुम्हाला नको होतील बहुतेक, पण पचौली वेगळी हुंगून बघा आधी, ती आवडली तर मग शिप्रकडे वळा. आणि पट्ट्यांवर काय लिहिलंत ते इथेच टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.