उंदराचा पिंजरा दाखवून माझ्या पोरीची फी मागतात!

कोथरूडची आई
आमच्या सोसायटीत 'ब्रेन डेव्हलपमेंट' क्लासचं पत्रक आलंय. लेक तीन वर्षांची. भरपूर खेळ, साधनं मिळाली की मेंदू चांगला घडतो म्हणे; त्यासाठी पत्रकात उंदरांचा दाखला आहे, आणि शोधलं तर तो खोटा नाही. उंदराचा एक डोळा काही दिवस बंद ठेवला की मेंदूतला दृष्टीचा भाग उघड्या डोळ्याकडे झुकतो. साध्या पिंजऱ्यातल्या उंदरांत ही लवचिकता साधारण ११० दिवसांच्या वयानंतर दिसत नाही. खेळणी, चाक, सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ती टिकते, असं २०१४ मध्ये ग्योटिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं. मग क्लास लावण्यात चूक काय?

पाषाणचा वाटसरू
पत्रकवाल्यांनी उलटं वाचलंय. साधा पिंजरा म्हणजे बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठा डबा, भुसा, पाण्याची बाटली. शेतातला उंदीर एका रात्रीत याहून जास्त हुंगतो. मग ११० दिवसांची मर्यादा उंदराची की डब्याची? मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४७ मध्ये प्रयोगशाळेतले उंदीर घरी वाढवले, तर ते पिंजऱ्यातल्यांपेक्षा कोडी सोडवण्यात सरस निघाले. क्लास लावला नव्हता त्यांना.

सदाशिव पेठी
माझा भाचा वाड्यात वाढला. अंगण, आड, मांजरी, चार चुलत भावंडं. तरी एक डोळा आळशी, म्हणजे नजर कमी असलेला, निघालाच, आणि सुधारला तो चांगल्या डोळ्यावर दीड वर्ष पट्टी लावून. तुमचं वातावरण तेव्हा कुठे गेलं होतं?

पाषाणचा वाटसरू
काका, वातावरण म्हणजे औषध असं मी म्हटलंच नाही. २००७ मध्ये इटलीत आळशी डोळ्याचे प्रौढ उंदीर खेळणी-सोबती असलेल्या पिंजऱ्यात ठेवल्यावर त्यांची नजर सुधारली, मेंदूतला गाबाचा, म्हणजे चेतापेशींना आवर घालणाऱ्या रसायनाचा, ब्रेक सैल झाला. पण तिथेही चांगला डोळा बंदच ठेवला होता. म्हणजे तुमची पट्टी होतीच! नुसती पट्टी बांधून साध्या डब्यात ठेवलेल्यांना मात्र फायदा झाला नाही.

सदाशिव पेठी
उंदरांना. आमचा भाचा उंदीर नाही.

पाषाणचा वाटसरू
हेच क्लासवाल्यांना सांगा की! ताई, फी वाचवा, लेकीला संध्याकाळी वेताळ टेकडीवर सोडा.

कोथरूडची आई
सोडते हो. आम्ही दोघं घरी पोचतो रात्री आठला. क्लासवाले निदान पाचला न्यायला येतात.