मदत हवी आहे: घोडीच्या अन् पुतण्याच्या फोडाला एकच गोळी चालते का?

घोडीवाला_दारव्हा
घोडीच्या तंगाखाली (खोगीर बांधायच्या पट्ट्याखाली) फोड झाला, तीन आठवडे पू थांबत नाही. पाच इंजेक्शनं झाली. आता पुतण्याच्या अंगठ्यालाही तसाच फोड आला. डॉक्टरांनी त्याला कॅप्सूल दिल्या, दोन दिवसांत उतार पडला. त्यातल्याच दहा-बारा घोडीला चारल्या तर चालते का? परवा वरात आहे, इसार घेतला आहे. लवकर सांगा.

कपाशी
कोणत्या कॅप्सूल? इंजेक्शन कशाचं? पू तपासला का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

घोडीवाला_दारव्हा
पांढरी पावडर, पाणी टाकून हलवतात ते. नाव नाही पाहिलं.

रानमेवा
कडुलिंबाचा पाला उकळून धुवा, वरून हळद-तेल. आजोबांचे तीन घोडे होते, एकालाही सुई लागली नाही.

कपाशी
पोराच्या अंगठ्यातून पू येऊन राहिला अन् तुम्ही पाला सांगता?

रानमेवा
पाल्याने कोणी मेलं नाही. इंजेक्शनं तर पाच झाली, काय फायदा झाला?

लाल_बस
विषय वेगळा आहे, पण दारव्ह्याकडे वरातीच्या घोडीचा भाव काय चालू आहे? भावाचं लग्न आहे.

नाल_लगाम
मी पशुवैद्यक आहे. नाकातून घट्ट शेंबूड येतो का? पायावर रांगेनं गाठी? ग्लँडर्स हा घोड्यांचा साथीचा रोग असेल तर सरकारी दवाखान्याला कळवावंच लागते, तोही माणसाला होतो.

घोडीवाला_दारव्हा
नाक कोरडं, गाठी नाहीत, एकच फोड. कॅप्सूलच्या पाकिटावर क्लिंडामायसिन ३०० लिहिलं आहे. पुतण्याच्या पुवाचा रिपोर्ट आज आला, त्यात एमआरएसए आहे. म्हणजे काय?

नाल_लगाम
एकही कॅप्सूल घोडीला देऊ नका! घोड्याचं मोठं आतडं जंतूंच्या भरवशावर चारा पचवते. क्लिंडामायसिन त्या जंतूंचा तोल बिघडवते, जीवघेणी हगवण लागते. माणसाला बरं करणारं औषध घोड्याचा जीव घेऊ शकते.
एमआरएसए हा जंतू १९६१ पासून माहीत आहे. पेनिसिलिन अन् त्याच्या जातीची बहुतेक औषधं त्याला लागत नाहीत. तुमची पांढरी पावडर त्याच जातीची असेल, तर पाचाची दहा केली तरी उपयोग नाही. घोडीचा पू वेगळा तपासून घ्या. दोघांचा जंतू एकच असेल असं धरून चालू नका.

रानमेवा
घोड्याचा रोग माणसाला? पिढ्यान्‌पिढ्या मोतद्दार तबेल्यातच झोपत आले.

नाल_लगाम
अन् त्यांचे फोड कोणी तपासले होते? हा जंतू माणसाकडून घोड्याला अन् घोड्याकडून माणसाला, दोन्हीकडून जातो. नाकात गुपचूप राहतो, अंगावर काहीच दिसत नाही. पुतण्याच्या डॉक्टरांना सांगा की तो रोज घोडीला खरारा करतो, म्हणजे तिचं अंग घासतो. त्याला कॅप्सूल मधेच बंद करू देऊ नका.

घोडीवाला_दारव्हा
खरारा तोच करतो. उघड्या हातानं. माझं लक्षच गेलं नाही.

कपाशी
अन् वरात?

घोडीवाला_दारव्हा
इसार परत करतो. नवरदेवाचे हात लगामाला लागतात, लहान लेकरं घोडीला चिकटतात. एक सांगा, तंग कातड्याचा आहे, तो उकळता येत नाही. काय करू?

नाल_लगाम
तंगाखालचं कापड उकळा. कातडं साबणानं धुवून वाळवा. पण जखम भरेपर्यंत तंग बांधूच नका, घासून फोड पुन्हा फुटेल. खराऱ्याचा ब्रश वेगळा ठेवा. पुतण्याला फोड बरा होईपर्यंत घोडीपासून दूर ठेवा. घोडीला हात लावेल त्यानं हातमोजे घालावे अन् नंतर साबणानं हात धुवावे.

घोडीवाला_दारव्हा
सकाळी सातला घोडीचा पू घ्यायला डॉक्टर येत आहेत.